खासगी महाविद्यालयांतील प्राध्यापकांवरील अन्याय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील प्रश्न महाराष्ट्रातील विनाअनुदानित अभियांत्रिकी, फार्मसी, व्यवस्थापन, बी.एड. आणि पारंपरिक पदवी महाविद्यालयांतील प्राध्यापकांनी आमच्याकडे पत्रांतून, फोनवर आणि सभा संपल्यावर दाराशी थांबवून विचारलेले आहेत. एकच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून जिथे आवश्यक तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ही उत्तरे वकिलाच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाहीत, परंतु वकिलाकडे जाताना हातात काय असावे हे त्यांवरून समजेल.

1. आमचे महाविद्यालय खासगी आणि विनाअनुदानित आहे. मग आम्हाला कोणताच कायदा लागू होत नाही का?

लागू होतो. विनाअनुदानित याचा अर्थ पगार शासन देत नाही, एवढाच आहे. मुंबई, पुणे, नागपूर, शिवाजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा अशा सार्वजनिक विद्यापीठाशी महाविद्यालय संलग्न असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 लागू होतो आणि त्यातील कलम 79 ते 84 ही प्राध्यापकाच्या उपयोगाची कलमे आहेत. तंत्रनिकेतन, कनिष्ठ महाविद्यालय आणि डी.एड. महाविद्यालय यांतील शिक्षक मात्र 2016 च्या कायद्याखाली येत नाहीत. पदवीच्या खालचे शिक्षण देणाऱ्या खासगी संस्थांना 1977 चा खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा लागू आहे, त्यामुळे पॉलिटेक्निकच्या अधिव्याख्यात्याला ‘शाळा न्यायाधिकरणा’कडे जावे लागते, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. परिचर्या, दंतवैद्यक, आयुर्वेद यांसारख्या महाविद्यालयांसाठी आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा 1998 चा वेगळा कायदा आहे. खासगी आणि अभिमत विद्यापीठांविषयी प्रश्न 11 पाहावा.

2. पगार थकला आहे. कामगार आयुक्तांकडे तक्रार करू का?

हा रस्ता बहुतेक वेळा बंद निघतो आणि त्यात मोलाचे महिने जातात. गोव्यातील एका शाळेच्या शिक्षिकेच्या प्रकरणात, म्हणजे ए. सुंदरंबाळ विरुद्ध गोवा, दमण व दीव सरकार या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये असे ठरवले की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली असली, तरी कामगाराच्या व्याख्येत शिक्षकाचा समावेश झालेला नाही. ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी या दोन बाबतींत मात्र शिक्षकाला पूर्ण संरक्षण आहे (प्रश्न 13).

3. माझ्याकडे नेमणूकपत्र नाही, पगाराची स्लिपही मिळत नाही. मी इथे नोकरी करतो हे सिद्ध कसे करणार?

नेमणूकपत्र न देणे हा विसराळूपणा नसतो. वाद झालाच तर संस्थेला ‘हे आमचे कर्मचारी नव्हतेच’ असे म्हणता यावे यासाठी केलेली ती सोय असते. सुदैवाने महाविद्यालय चालवायचे तर प्राध्यापकांची नावे संस्थेला अनेक ठिकाणी स्वतःच द्यावी लागतात. विद्यापीठाचे मान्यतापत्र, परीक्षक किंवा पर्यवेक्षक म्हणून आलेले विद्यापीठाचे आदेश, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेला कळवलेली अध्यापकांची यादी, नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) अहवालातील नाव, वेळापत्रक, विभागप्रमुखांचे ईमेल, बँकेचा खातेउतारा, करकपातीचे प्रमाणपत्र आणि भविष्य निर्वाह निधीचे पासबुक यांपैकी चार-पाच गोष्टी जुळल्या तरी नोकरी सिद्ध होते. हे सारे नोकरीत असतानाच जमवावे, कारण बाहेर पडताच महाविद्यालयाचा ईमेल सर्वप्रथम बंद होतो. मोबाइलमधील संदेश आणि ध्वनिमुद्रणे पुरावा म्हणून द्यायची असल्यास भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून मूळ फोन विकू नये आणि त्यातील संभाषण पुसू नये.

4. चार महिने पगार झालेला नाही. पहिले पाऊल कोणते उचलावे?

पहिले पाऊल लेखी मागणीचे. प्राचार्य आणि संस्थेचे सचिव या दोघांच्या नावे, कोणत्या महिन्याचे किती वेतन बाकी आहे ते आकड्यांत मांडून, पंधरा दिवसांची मुदत देणारे साधे पत्र लिहावे आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. लिपिक आवक देण्यास नकार देतो, असे होतेच. तेव्हा तेच पत्र ईमेलने आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवावे. नोंदणीकृत टपाल सेवा 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, त्यामुळे पूर्वीची स्वतंत्र ‘रजिस्टर एडी’ सेवा आता मिळणार नाही. पत्रावर एकाऐवजी वीस सह्या असतील तर त्याचे वजन वेगळे असते आणि कोणा एकाला वेगळे काढून त्रास देणेही अवघड होते.

मुदत संपल्यावर विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीकडे कलम 79 खाली अर्ज करावा. सेवा संपवणे आणि पदावनती सोडून सेवेविषयीच्या बाकी तक्रारी, म्हणजे थकीत वेतन, रजा, वेतननिश्चिती, नाकारलेली वेतनवाढ, या समितीकडे जातात. अर्जाची प्रत संबंधित विभागाच्या उच्च शिक्षण किंवा तंत्रशिक्षण सहसंचालकांना आणि व्यावसायिक अभ्यासक्रम असल्यास शुल्क नियामक प्राधिकरणाला (प्रश्न 6) द्यावी.

‘प्रवेश झाले की देऊ’, मग ‘शिष्यवृत्तीची रक्कम आली की देऊ’, मग ‘पुढच्या सत्रात नक्की’ या क्रमाने दोन वर्षे सहज निघून जातात, आणि शिष्यवृत्तीची प्रतिपूर्ती शासनाकडून उशिरा येते हे खरे असल्यामुळे प्राध्यापकांना संस्थेची दया येते. ती यावीही, पण वेतनवसुलीच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे आणि प्रत्येक महिन्याच्या वेतनासाठी ती वेगळी मोजली जाते, हेही लक्षात असू द्यावे. या काळात रागाच्या भरात राजीनामा देऊ नये आणि एकट्याने काम बंद करू नये. गैरहजेरीची नोटीस काढण्याची संधी संस्था शोधतच असते.

5. बँकेत पूर्ण पगार जमा होतो, पण दुसऱ्याच दिवशी त्यातील मोठा भाग रोख परत द्यावा लागतो. हे कुठे सांगायचे?

आमच्याकडे सर्वांत जास्त आणि सर्वांत दबक्या आवाजात येणारा प्रश्न हाच आहे. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन दरमहा 57,700 रुपये आहे. संस्था कागदावर तेवढे वेतन दाखवते, त्या आधारावर विद्यार्थ्यांकडून शुल्क घेण्याची परवानगी मिळवते आणि नंतर लेखापाल पाकिटातून रोख रक्कम गोळा करतो. काही ठिकाणी तर रुजू होतानाच प्राध्यापकाकडून सही केलेले कोरे धनादेश किंवा एटीएम कार्डच ठेवून घेतले जाते. प्राध्यापकाचे नुकसान दुहेरी होते, कारण हाती न आलेल्या पगारावरही प्राप्तिकर त्यालाच भरावा लागतो.

हा प्रकार सिद्ध करणे अवघड असते, अशक्य नसते. पगार जमा झाल्यावर एक-दोन दिवसांत दर महिन्याला जवळपास सारखीच रक्कम काढली जात असल्याचे पाच-सहा प्राध्यापकांच्या खात्यांत एकाच तारखांना दिसले, तर तो योगायोग राहत नाही. रक्कम परत मागणारे संदेश, कोणी किती दिले याची लेखापालाने ठेवलेली यादी, शक्य असेल तेव्हा रोखीऐवजी ऑनलाइन हस्तांतरण करण्याचा आग्रह, यांनी पुरावा उभा राहतो. स्वतःच्या वहीत दर महिन्याची तारीख, रक्कम आणि घेणाऱ्याचे नाव त्याच दिवशी लिहून ठेवावे. वर्षानंतर आठवून लिहिलेल्या नोंदीला तेवढी किंमत राहत नाही. आपले कार्ड संस्थेकडे असेल तर बँकेला सांगून ते बंद करावे आणि नवे घ्यावे. तक्रार तक्रार निवारण समिती, शुल्क नियामक प्राधिकरण आणि प्राप्तिकर विभाग या तिघांकडे करता येते, परंतु एकट्याने केलेली तक्रार संस्था ‘वैयक्तिक आकस’ म्हणून बाजूला सारते, म्हणून किमान तीन-चार जण तयार होईपर्यंत पुरावा जमवत राहणे आम्हाला अधिक शहाणपणाचे वाटते. ‘इतकी वर्षे आम्हीच निमूटपणे पैसे दिले, आता कोणत्या तोंडाने सांगू’ असे अनेक जण म्हणतात. नोकरी जाईल या भीतीने दिलेले पैसे संमतीने दिले असे कोणी समजू नये.

6. शुल्क नियामक प्राधिकरणाचा आमच्या पगाराशी काय संबंध?

अगदी जवळचा. विनाअनुदानित व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क 2015 च्या राज्य कायद्याखालील हे प्राधिकरण संस्थेच्या खर्चाच्या आधारे ठरवते आणि त्या खर्चात अध्यापकांचे वेतन हा मोठा भाग असतो. संस्थेने तिथे वेतनखर्च किती दाखवला आणि प्रत्यक्षात किती दिला, यातील फरक हा प्राध्यापकांच्या हातातील सर्वांत धारदार मुद्दा आहे, कारण तो विद्यार्थी-पालकांनाही लागू पडतो. विनाअनुदानित महाविद्यालय स्वतः माहिती अधिकाराखाली येईलच असे नाही, पण प्राधिकरण, विद्यापीठ आणि सहसंचालक कार्यालय येतात. म्हणून संस्थेने त्यांच्याकडे सादर केलेली कागदपत्रे त्यांच्याकडेच मागावीत. अनुदानित महाविद्यालयाची गोष्ट निराळी आहे. शासनाकडून भरीव अर्थसाहाय्य मिळणाऱ्या महाविद्यालयाला माहिती अधिकार कायदा लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डीएव्ही महाविद्यालयाच्या प्रकरणात 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.सारख्या अभ्यासक्रमांना हे प्राधिकरण नाही.

7. मे-जूनमध्ये गावोगाव फिरून दहा प्रवेश आणा, नाहीतर पगार मिळणार नाही, असे सांगितले आहे. हे काम आमचे आहे का?

नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 18 जुलै 2018 च्या विनियमांत सहायक प्राध्यापकासाठी आठवड्याला 16 तासांचे प्रत्यक्ष अध्यापन धरले आहे आणि अध्यापन, संशोधन, परीक्षा व प्रशासनातील वाटा मिळून चाळीस तासांचा आठवडा सांगितला आहे. विद्यार्थ्यांना माहिती देणे, समुपदेशन कक्षात बसणे यास कोणाची हरकत नसते. परंतु प्रवेशांची संख्या ठरवून तिला पगार जोडणे ही दलाली झाली, आणि ती नाकारल्याबद्दल वेतन रोखता येत नाही. असे आदेश सहसा तोंडी किंवा विभागाच्या व्हॉट्सॲप गटावर येतात. त्याला नम्र शब्दांत ‘कृपया लेखी आदेश द्यावा’ एवढेच उत्तर दिले, तरी पुढचा पुरावा तयार होतो. पगार रोखलाच तर प्रश्न 4 मधील क्रम.

8. माझी मूळ प्रमाणपत्रे संस्थेने ठेवून घेतली आहेत आणि दोन वर्षांच्या बंधपत्रावर सही घेतली आहे. सोडून कसे जाऊ?

या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. पदवी प्रमाणपत्र ही तुमची मालमत्ता आहे. पडताळणी झाल्यावर ते परत मिळालेच पाहिजे आणि नोकरी सोडू नये म्हणून ते अडकवून ठेवण्याचा अधिकार संस्थेला नाही. लेखी मागणी करावी, न दिल्यास वकिलाची नोटीस पाठवावी आणि तरीही न दिल्यास पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. पोलीस ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ म्हणतील, तरी पोच घेऊन ठेवावी.

बंधपत्राविषयी मात्र ‘ते कायद्याने रद्दच असते’ असे जे सरसकट सांगितले जाते ते बरोबर नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या सेवेची आणि मुदतीपूर्वी सोडल्यास दोन लाख रुपये देण्याची अट वैध ठरवली. तिथे बँकेला स्पर्धात्मक भरतीवर पुन्हा करावा लागणारा खर्च न्यायालयाने विचारात घेतला होता. ज्या संस्थेने जाहिरात दिली नाही, प्रशिक्षण दिले नाही आणि पगारही थकवला, तिला वाजवी नुकसानभरपाई म्हणून फारसे काही दाखवता येणार नाही. पगार थकवून कराराचा भंग संस्थेनेच आधी केला, हा मुद्दा राजीनाम्याच्या पत्रात अवश्य लिहावा.

9. रुजू होतानाच तारीख न घातलेला राजीनामा लिहून घेतला होता. आता तो वापरतील का?

वापरू शकतात, आणि तो वापरला जाण्यापूर्वी बोललात तर तुमच्या म्हणण्याला वजन राहते. ‘अमुक दिवशी माझ्याकडून विनातारखेचा राजीनामा घेण्यात आला, माझा राजीनामा देण्याचा हेतू नव्हता व नाही, तो मी मागे घेत आहे’ असे पत्र आजच पाठवावे. तंत्रनिकेतन व कनिष्ठ महाविद्यालयांत 1977 च्या कायद्याचे कलम 7 अधिक मदतीचे आहे. त्यात राजीनाम्यावर तारखेसह सही आणि तो नोंदणीकृत टपालाने पाठवणे अपेक्षित आहे. राजीनामा ‘स्वीकारल्याचे’ पत्र हाती आले असेल तर थेट प्रश्न 10 कडे जावे.

10. ‘उद्यापासून येऊ नका’ असे तोंडी सांगितले आणि फाटकावर अडवले. आदेशच नाही तर दाद कशाविरुद्ध मागू?

2016 च्या विद्यापीठ कायद्याच्या कलम 81 मध्ये बडतर्फी, काढून टाकणे आणि पदावनती यांबरोबर ‘अन्य प्रकारे सेवा समाप्त करणे’ हेही आहे, त्यामुळे लेखी आदेश नसला तरी विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. मुदत तीस दिवसांची आहे. फाटकावर अडवले त्या दिवशीच, शक्य असल्यास तिथूनच, प्राचार्यांना ईमेल करावा की मी कामावर हजर झालो होतो, मला प्रवेश नाकारला आणि मी काम करण्यास तयार आहे. पुढचे दोन-तीन दिवसही हजर राहण्याचा प्रयत्न करून तसेच कळवावे.

सर्वांत जास्त नुकसान इथे एका साध्या गोंधळामुळे होते. सेवा संपवलेला प्राध्यापक तक्रार निवारण समितीकडे अर्ज करतो, समिती काही महिन्यांनी ‘हे आमच्या अधिकारात नाही’ म्हणून अर्ज परत करते आणि तोवर तीस दिवस केव्हाच उलटलेले असतात. पुरेसे कारण दाखवून विलंब माफ होऊ शकतो, पण तो मागावा लागतो आणि संस्थेचा वकील त्याच मुद्द्यावर वर्ष घालवतो. न्यायाधिकरण पुन्हा रुजू करून घेण्याचा आणि थकीत वेतनाचा आदेश देऊ शकते. नेमणूक जाहिरात, निवड समिती आणि विद्यापीठाची मान्यता या मार्गाने झाली होती का, यावर बरेच अवलंबून असते. परिवीक्षेत असलेल्यांनी हे पाहावे की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार परिवीक्षा एक वर्षाची असून, पहिले वर्ष संपण्यापूर्वी लेखी आदेश काढून ती जास्तीत जास्त आणखी एक वर्ष वाढवता येते. पाच-पाच वर्षे ‘प्रोबेशन’वर ठेवण्याला आधार नाही.

11. मी खासगी किंवा अभिमत विद्यापीठात आहे. मला हे न्यायाधिकरण उपलब्ध आहे का?

2016 च्या कायद्याखालचे नाही. आधी आपल्या विद्यापीठाचा कायदा आणि परिनियम वाचावेत, कारण काहींत तक्रारीची किंवा लवादाची तरतूद असते. उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते का, याचे उत्तर सरळ नाही. आंध्र प्रदेशातील एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळा सहायकांची वेतनाविषयीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये ग्राह्य मानली होती (के. कृष्णमाचार्युलू प्रकरण). सेंट मेरीज एज्युकेशन सोसायटीच्या 2022 च्या निकालात मात्र, ज्यात सार्वजनिक कायद्याचा अंश नाही असा निव्वळ नोकरीच्या करारातील वाद रिटमध्ये आणता येणार नाही, असे म्हटले गेले. म्हणून याचिका करताना कोणत्या वैधानिक विनियमाचा भंग झाला ते नेमके दाखवावे लागते. 2002 च्या टी.एम.ए. पै निकालात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे शिक्षकांना अपील करता यावे असे म्हटले होते, त्याचाही आधार घेता येतो.

12. मी तासिका तत्त्वावर आहे. वरील सगळे मला लागू आहे का?

थोडे आहे, थोडे नाही. केलेल्या तासांचे मानधन वेळेवर मिळणे हा हक्क आहे आणि त्यासाठी प्रश्न 3 व 4 जसेच्या तसे लागू होतात. तासांची नोंदवही दर आठवड्याला प्रमाणित करून तिचे छायाचित्र काढून ठेवावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी 2019 मध्ये अतिथी अध्यापकासाठी प्रति तास 1,500 रुपये आणि महिन्याला कमाल 50,000 रुपये असा दर सांगितला होता. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी त्याच्या निम्मेही मिळत नाहीत. गुजरातमधील कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये दरमहा 30,000 रुपयांच्या वेतनावर तीव्र नापसंती व्यक्त करून किमान वेतनश्रेणी देण्यास सांगितले. ती महाविद्यालये शासकीय होती, त्यामुळे तो निकाल खासगी संस्थेला आपोआप लागू होत नाही. कायम करण्याची अपेक्षा ठेवून वर्षामागून वर्ष तासिकेवर काढणाऱ्यांना आम्ही स्पष्टच सांगतो की केवळ सेवेच्या लांबीवर कायमपणाचा हक्क सहसा मिळत नाही.

13. पगारातून पीएफ कापतात, पण पासबुकात भरलेला दिसत नाही. ग्रॅच्युइटीही मिळणार नाही असे सांगतात.

कापलेली वर्गणी पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत जमा होणे बंधनकारक आहे. ती कापून न भरणे हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो. भविष्य निर्वाह निधी कार्यालयाच्या तक्रार पोर्टलवर कपातीच्या पुराव्यासह तक्रार करावी. विद्यापीठापेक्षा हे कार्यालय बरेच लवकर हलते, असा आमचा अनुभव आहे.

ग्रॅच्युइटी शिक्षकांना नसते, हे 2004 च्या एका निकालापुरते खरे होते. त्यानंतर 2009 मध्ये कायदा बदलला, तो 3 एप्रिल 1997 पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू झाला आणि 29 ऑगस्ट 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. पाच वर्षांची सलग सेवा झाल्यावर शेवटच्या मूळ वेतन व महागाई भत्त्याला 26 ने भागून 15 ने गुणावे आणि आलेल्या रकमेला सेवेच्या वर्षांनी गुणावे. म्हणजे 52,000 रुपये वेतन आणि आठ वर्षे सेवा असेल तर 2,40,000 रुपये होतात. जुना कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. मूळ वेतन नाममात्र ठेवून बाकी सारे ‘भत्ते’ दाखवण्याची युक्तीही तिथे मर्यादित झाली आहे, कारण वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील तर वरचा भाग वेतनातच धरला जातो.

14. विभागप्रमुखांकडून लैंगिक स्वरूपाचा त्रास होतो आणि अंतर्गत समितीवर त्यांचेच स्नेही आहेत.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करावी लागते. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. समितीच्या रचनेवरील आक्षेप तक्रारीसोबतच लेखी नोंदवावा. समितीच नसेल किंवा आरोप खुद्द मालकावर असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रारीनंतर मुद्दाम वाढवलेले काम किंवा थांबवलेला पगार प्रश्न 4 प्रमाणे वेगळ्या अर्जात मांडावा.

15. आम्ही संघटना केली तर कारवाई होईल का? काम बंद करावे का?

संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 19 मध्ये आहे. एमफुक्टो (राज्यातील प्राध्यापक संघटनांचा महासंघ), मुंबईतील बुक्टू अशा प्राध्यापकांच्या जुन्या संघटना आहेत, पण त्यांचा मोठा पाया अनुदानित महाविद्यालयांत असल्यामुळे विनाअनुदानितांना आपापल्या संस्थेत स्वतःही उभे राहावे लागते. कामबंदचा निर्णय जपून घ्यावा. 2013 मध्ये एमफुक्टोने परीक्षाकामावर टाकलेला बहिष्कार तीन महिन्यांच्या आसपास चालला, आणि त्या काळातील वेतनाचा वाद नंतर बराच काळ रेंगाळला. तिथे तर पगार देणारे शासन होते. काळ्या फिती, सामूहिक निवेदन, वर्ग संपल्यानंतरची ठिय्या बैठक यांनी गैरहजेरीचे निमित्त मिळत नाही. समाजमाध्यमांवर लिहायचे तर कागदाने सिद्ध होईल तेवढेच लिहावे, कारण बदनामीचा फौजदारी खटला भरणे संस्थेला सोपे असते.

16. आमची संस्था अल्पसंख्याक आहे आणि ‘आम्हाला हे नियम लागू नाहीत’ असे व्यवस्थापन म्हणते.

राज्यघटनेचा अनुच्छेद 30 अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क देतो, शिक्षकाला वाटेल तसे वागवण्याचा नव्हे. फ्रँक अँथनी पब्लिक स्कूलच्या प्रकरणात 1986 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळेच्या कर्मचाऱ्यांचा वेतनाचा दावा मान्य केला होता.

17. कार्यमुक्तीपत्र आणि अनुभव प्रमाणपत्र हवे म्हणून ‘सर्व देणी मिळाली’ असे लिहून दिले आहे. आता काहीच करता येणार नाही का?

ग्रॅच्युइटीचा हक्क असे लिहून दिल्याने जात नाही, आणि न भरलेला पीएफ मागण्याचा हक्कही जात नाही. थकीत वेतनाच्या बाबतीत ते पत्र तुमच्याविरुद्ध वापरले जाईल, पण दबावाखाली घेतलेली संमती रद्द ठरवता येते. त्यासाठी प्रमाणपत्र हाती पडताच, शक्यतो त्याच आठवड्यात, ते पत्र कोणत्या परिस्थितीत दिले हे संस्थेला लेखी कळवावे आणि ती रक्कम बँकेत कधीच जमा झाली नाही हे दाखवणारा खातेउतारा जोडावा. अजून सही केली नसेल, तर सहीच्या वर ‘अमुक महिन्यांचे वेतन येणे बाकी’ एवढे हाताने लिहावे. ते खोडायला सांगितले गेले तर तेही त्याच दिवशी ईमेलने कळवून ठेवावे.